दोन मस्तकांचा गरुड

आमचा एक पुतण्या व्यापारी जहाजावर इंजिनियर आहे. गेल्या खेपेस तो घरीं आला तेव्हां मुलांसाठीं बंदराबंदरांतून जमविलेल्या बारीकसारीक वस्तूंची एक पिशवी त्यानें आणली होती. तींत वीतभर लांबीचा एक कापडी ध्वज निघाला. वर किरमिजी, मध्यें पिवळा आणि खालीं गर्द निळा असे तीन आडवे पट्टे, व मधोमध दोन मस्तकांचा एक गरुड. मुलांची सभा तत्काळ भरली. थोरल्या नातवानें निर्णय दिला कीं, हा तर आपला गंडभेरुंड. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला असतो तोच. धाकट्या नातीनें मात्र हरकत घेतली. ती म्हणाली, "आजोबा, गंडभेरुंडाचीं तोंडें दोन दिशांना असतात. ह्याचीं दोन्ही एकीकडेच बघताहेत!"

आम्हीं चष्मा लावून पाहिलें, तों तिचें म्हणणें अक्षरशः खरें. हा ध्वज क्रोएशिया देशांतील रियेका ह्या बंदरांत घेतला, याहून अधिक माहिती पुतण्यास नव्हती. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. युरोपांतील चिन्हशास्त्राशीं आमचा परिचय नव्हता. परंतु नातीस "मोठी झालीस म्हणजे कळेल" असें सांगून वाटेस लावणें आम्हांस कमीपणाचें वाटलें. म्हणून कांहीं दिवस आम्ही ह्याच विषयाच्या मागें लागलों. त्यांतून जें हातीं लागलें तें ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

इटलीच्या समोर, आद्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर क्रोएशिया पसरलेला आहे. वायव्येस इस्त्रियाचें द्वीपकल्प, त्याला लागून रियेकाचें आखात आणि तेथून आग्नेयीकडे दाल्मातियाची चिंचोळी पट्टी. झादार, शिबेनिक, त्रोगिर, स्प्लित, दुब्रोव्हनिक हीं त्या पट्टींतील जुनीं नगरें. प्रत्येकास स्वतःचें ढालचिन्ह आहे व ध्वजही आहे.

ह्या चिन्हांस व्याकरण आहे, हें पाहून आमच्यासारख्या जुन्या शिक्षकास फार बरें वाटलें. सोनें व रुपें हे दोन धातु. तांबडा, निळा, हिरवा, काळा आणि जांभळा हे मुख्य वर्ण. धातूवर धातु ठेवूं नये व वर्णावर वर्ण ठेवूं नये, हा पहिला नियम. त्याचें कारण अगदीं व्यवहारी आहे. ढाल किंवा निशाण दुरून ओळखूं आलें पाहिजे. दुसरा नियम असा कीं, ढालीचें उजवें-डावें पाहणाऱ्याच्या हातांवरून ठरवीत नाहींत, ढाल धरणाऱ्याच्या हातांवरून ठरवितात. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत आवडली. ह्या शास्त्रांत चित्रापेक्षां शब्दांनीं केलेलें वर्णन प्रमाण मानतात. आपल्याकडे ध्यानश्लोकांत देवतेचे हात, आयुधें व वाहन सांगितलेलें असतें आणि त्यावरून शंभर मूर्तिकार शंभर मूर्ति घडवितात, तरी देवता एकच राहते. तोच हा प्रकार.

राष्ट्राचें चिन्ह २१ डिसेंबर १९९० रोजीं कायद्यानें ठरलें. तांबड्या व पांढऱ्या अशा २५ घरांचा तो बुद्धिबळाचा पट आहे, आणि त्याच्या माथ्यावर पांच लहान ढालींचा मुकुट आहे. पहिल्या ढालीवर चंद्रकोर व तारा, दुसरीवर दुब्रोव्हनिकचे दोन तांबडे पट्टे, तिसरीवर दाल्मातियाचीं तीन मुकुटधारी सिंहमुखें, चौथीवर इस्त्रियाचा सोनेरी बोकड, त्याचीं शिंगें व खूर तांबडे. आणि पांचवीवर स्लाव्होनियाचा धांवता मार्टेन, म्हणजे आपल्या मुंगसाएवढा, मऊ केसांचा एक वनप्राणी. त्याला तिकडे कुना म्हणतात. मध्ययुगांत ह्याच्या कातड्यांनीं कर भरीत असत, म्हणून १९९४ सालीं काढलेल्या चलनासही कुना हेंच नांव दिलें. १ जानेवारी २०२३ पासून तेथें युरो चालूं झाला, परंतु एका युरोच्या नाण्यावर हा प्राणी अजून बसलेला आहे.

येथें चतुर वाचकांस एक शंका येईल. दुब्रोव्हनिकचे तांबडे पट्टे मुकुटांत निळ्या पटावर आहेत. मग वर्णावर वर्ण ठेवूं नये ह्या नियमाचें काय झालें? त्याचें उत्तर इतकेंच कीं, नियम मोडला आहे. आर्षप्रयोग पाणिनीला बसत नाहीं म्हणून कोणी ऋषींना नापास करीत नाहीं.

नगरांच्या चिन्हांकडे वळल्यास बहुतेकांच्या ढालींवर त्यांचे ग्रामदैवतच उभें आहे असें म्हणावें लागतें. झादारच्या ढालीवर चिलखत घातलेला संत क्रशेवान घोड्यावर बसला आहे. शिबेनिकच्या ढालीवर देवदूत मिखाएल भाल्यानें सर्पासुरास मारतो आहे. स्प्लित हें नगर रोमन सम्राट डायोक्लिशनच्या राजवाड्याच्या भिंतींतच वसलें, तेव्हां त्यानें तो राजवाडा व उंच घंटामनोरा हेंच आपलें चिन्ह केलें.

दुब्रोव्हनिकचा रक्षक संत व्लाहो. त्याच्या मूर्तीच्या हातावर नगराची लहानशी प्रतिकृति असते. बाळकृष्णास तळहातावर घ्यावें तसें त्यानें सारें गांव घेतलेलें असतें. ३ फेब्रुवारीस त्याचा उत्सव होतो. आसपासच्या खेड्यांतील ध्वजधारी आपआपलीं मोठीं निशाणें घेऊन देवळापुढें येतात आणि तीं लववून व गरगर फिरवून वंदना करतात. ह्या उत्सवाची २००९ मध्यें युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत गणना केली. देवळासमोर ओर्लांदोचा शिलास्तंभ आहे. तो १४१८ चा. त्यावर प्रजासत्ताकाचें निशाण लागत असे. त्याच स्तंभावरील योद्ध्याच्या कोपरापासूनच्या हाताची लांबी, सुमारें ५१ सेंटिमीटर, हा बाजारांतील कापड मोजण्याचा गज होता. निशाण आणि माप एकाच दगडावर, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. ज्या निशाणाखालीं माप खोटें, त्या निशाणाला कोण मान देईल?

ह्याच संताचें एक देऊळ आपल्या शेजारीं आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. जुन्या गोव्याजवळ गवंडाळी ह्या गांवीं साव ब्राझचें चर्च आहे. साव ब्राझ म्हणजेच संत व्लाहो. सोळाव्या शतकांत दुब्रोव्हनिकहून आलेल्या व्यापाऱ्यांनीं तें उभारलें, असें सांगतात.

परंतु चिन्हांचा इतिहास केवळ उत्सवांचा नाहीं. १४०९ सालीं नेपल्सचा राजा लादिस्लाव यानें दाल्मातियावरील आपला हक्क एक लक्ष डुकातांस व्हेनिसला विकला. पुढें १७९७ पर्यंत बहुतेक किनाऱ्यावर व्हेनिसचें राज्य होतें, आणि त्या राज्याचा पंखवाला सिंह वेशीवेशीवर बसला. राज्य गेलें तरी सिंह राहिले. १९३२ च्या डिसेंबरांत त्रोगिर येथें रात्रीं कांहीं लोकांनीं ते फोडले. दोन राष्ट्रांत त्यावरून मोठें वितुष्ट आलें. ज्यांनीं फोडले त्यांना ती परक्या सत्तेची निशाणी वाटत होती. ज्यांना दुःख झालें त्यांना ती शेंकडों वर्षांची कलाकृति वाटत होती. दोघांचेंही म्हणणें एकाच दगडाविषयीं होतें.

आतां नातीच्या गरुडाकडे येऊं. रियेका म्हणजे नदी. इटालियन लोक त्याच गांवास फिउमे म्हणत. त्याचाही अर्थ नदीच. सम्राट लिओपोल्ड पहिला यानें १६५९ मध्यें ह्या नगरास चिन्ह दिलें. खडकावर दोन मस्तकांचा गरुड उभा आहे, त्याच्या पायाखालीं कलंडलेला घट आहे व घटांतून पाणी अखंड वाहतें आहे. सोबत एकच लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ 'न आटतां'. आम्ही त्यास अक्षय्य म्हणूं. सम्राटाच्या स्वतःच्या गरुडाचीं मस्तकें परस्परविरुद्ध दिशांस पाहतात. रियेकाच्या गरुडाचीं दोन्ही एकाच दिशेस. नातीची नजर बिनचूक ठरली. तो वेगळा गरुडच होता.

१९०६ सालीं नगराच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर ह्या गरुडाची धातूची मोठी मूर्ति बसविली. तेव्हां तेथें हंगेरीची सत्ता होती. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या सप्टेंबरांत इटालियन कवि दान्नुन्झिओ आपल्या सैनिकांसह गांवांत शिरला व त्यानें सत्ता बळकावली. दोन मस्तकें म्हणजे ऑस्ट्रियाची खूण, एक मस्तक म्हणजे रोमची, असा त्याच्या माणसांचा समज. त्याच वर्षीं त्यांनीं मनोऱ्यावर चढून गरुडाचें एक मस्तक कापलें व त्या जागीं इटलीचें निशाण रोवलें. पुढच्या वर्षीं दान्नुन्झिओनें स्वतःचा ध्वज काढला. त्यावर आपलीच शेपटी गिळणारा सर्प व त्याच्या आंत सप्तर्षि होते. डिसेंबर १९२० मध्यें इटलीच्याच सैन्यानें त्यास तेथून हुसकलें. १९२४ मध्यें नगर इटलींत गेलें, दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियांत आलें. मस्तक गमावलेला गरुड तसाच उभा होता. १९४९ मध्यें तोही काढून टाकला. आतांच्या राज्यकर्त्यांस तो परका वाटत होता.

म्हणजे पहा, एकाला तो ऑस्ट्रियाचा वाटला, दुसऱ्याला इटलीचा. गांवाचा तो कोणालाच वाटला नाहीं. १९९१ सालीं क्रोएशिया स्वतंत्र झाला, तरी गरुड परत येण्यास आणखी बरींच वर्षें लागलीं. त्यास विरोध करणारेही होते. अखेर २०१७ सालीं दोन्ही मस्तकांसह त्याची नवी मूर्ति त्याच मनोऱ्यावर बसविली. आज तेथील कायद्यानें नगरांस आपलें चिन्ह ठरवितां येतें. मात्र त्यास मध्यवर्ती शासनाची मान्यता लागते आणि चिन्हशास्त्राचे नियम पाळावे लागतात.

हें सर्व आम्हीं मुलांस जेवणानंतर सांगितलें. थोरला नातू म्हणाला, "डोकें कापणारे अगदींच मूर्ख होते." आम्हांस तेथें "होय" म्हणतां आलें नाहीं. त्याचें कारण आज वाचकांपुढें सांगतों.

ज्या शाळेंत आमच्या आयुष्याचीं ३१ वर्षें गेलीं, तिच्या दरवाजावर एक दगडी चिन्ह होतें. समई व तिच्याजवळ दौत-लेखणी. शाळेच्या पहिल्या चित्रकला-शिक्षकांनीं तें काढलेलें. समई किंचित् वांकडी, दौत फार मोठी. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं नवें चिन्ह ठरविण्याचें काम आम्हांकडे आलें, कारण आम्हांस संस्कृत येत होतें. आम्हीं शुद्ध संस्कृत वचन निवडलें, सुबक कमळ काढविलें व जुना दगड उतरविला. आमचा हेतु वाईट नव्हता. परंतु महोत्सवास आलेले एक वृद्ध माजी विद्यार्थी दरवाजाशीं बराच वेळ मान वर करून उभे राहिले आणि आम्हांस म्हणाले, "मास्तर, आमची समई कोठें आहे हो?" आम्हीं त्यांस नव्या वचनाचा अर्थ समजावून दिला. त्यांनीं तो ऐकून घेतला, नमस्कार केला आणि ते आंत न येतांच परत गेले. त्या वेळीं आम्हांस वाटलें कीं त्यांना अर्थ कळला नाहीं. कोणाला कळला नव्हता, हें समजण्यास आम्हांस रियेकाच्या गरुडापर्यंत जावें लागलें.

चिन्ह सुंदर असावें, नियमांस धरून असावें, हें खरेंच. पण त्याच्याखालून जे रोज येतात-जातात, तेच त्याचे खरे धनी. त्यांना न विचारतां तें बदलणारा मनुष्य करवत घेऊन चढो किंवा अमरकोश घेऊन, मनोऱ्यावरून खालीं येतांना त्याच्या हातीं एक तुटलेलें मस्तक असतेंच.

जुना दगड शाळेच्या मागच्या पडवींत अजून आहे, असें कळतें. तो नव्या चिन्हाच्या खालीं पुन्हां बसवावा व त्याचा खर्च आम्हीं द्यावा, अशा विनंतीचें पत्र आम्हीं गेल्या आठवड्यांत सध्यांच्या मुख्याध्यापकांस पाठविलें आहे. उत्तर अद्याप नाहीं. तोंवर तो वीतभर ध्वज नातीनें आमच्या मेजावर, चष्म्याच्या घरापाशीं, उभा करून ठेवला आहे.