मासे सोयाबीन खातात, मग अणदूरच्या सोयाबीनला भाव का नाही?

समुद्रातल्या छोट्या माशांची भुकटी करून ती पाळलेल्या माशांना घालायची, हे किती दिवस चालणार? जगभर हा प्रश्न विचारला जातोय. नॉर्वेत १९९० साली सामन माशाच्या खाद्यातला सुमारे ९० टक्के भाग समुद्रातून यायचा. २०१३ पर्यंत तो ३० टक्क्यांच्या आसपास आला. उरलेली जागा सोयाबीन आणि वनस्पती तेलांनी घेतली.

आपल्याकडे यात फारसं नवल नाही. सामन मांसाहारी, आपले रोहू-कटला तसे नाहीत. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड यांवर ते कित्येक दशकं वाढतायत. बदललंय ते एवढंच, की आता पोत्यातून तरंगणाऱ्या गोळ्या येतात आणि त्यातली बरीच प्रथिनं सोयापेंडीची असतात. माशांच्या भुकटीत प्रथिनं साधारण ६० ते ६५ टक्के, सोयापेंडीत ४५ टक्क्यांच्या आसपास, पण पेंड बरीच स्वस्त पडते. मत्स्यशेतीत निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर होतो, त्यामुळे हा फरक मोठा.

आता अणदूरकडे या. तुळजापूर तालुक्यातल्या या भागात खरिपात सोयाबीन सगळ्यात जास्त. शेजारी नळदुर्गला बोरी धरण, शिवारात शेततळी. म्हणजे खाद्याचा कच्चा माल इथलाच आणि पाणीही (पावसानं साथ दिली तर) इथलंच. मग अडतं कुठे?

१०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम १८ किलो, पेंड ८० किलोच्या आसपास. म्हणून सोयाबीनचा भाव बराचसा पेंडीवर ठरतो. आणि पेंड महागली की ओरडतात ते कोंबडीवाले आणि मासेवाले. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या घरात गेलं, तेव्हा केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवं पीक बाजारात आलं तोवर भाव निम्म्याच्या आसपास उतरले होते. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारात त्याहून कमी मिळत होते. त्यात मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्यात स्वस्तात आला आणि पेंडीची मागणी आणखी घटली.

म्हणजे शेततळ्यात मासे सोडणाऱ्याला जे स्वस्त हवं, तेच सोयाबीनवाल्याला महाग हवं. अणदूरसारख्या गावात ही दोन माणसं बऱ्याचदा एकच असतात! तो सोयाबीन कच्चं विकतो आणि गोळ्यांची पोती विकत आणतो. अशा खाद्याचे बहुतेक मोठे कारखाने आंध्र प्रदेशात आहेत.

घरचं सोयाबीन थेट तळ्यात टाकलं तर? चालत नाही. कच्च्या दाण्यात पचन रोखणारे घटक असतात, ते उष्णता दिल्यावरच निकामी होतात. शिवाय मेथिओनिन हे अमिनो आम्ल त्यात कमी पडतं, आणि दाण्यातला बराचसा फॉस्फरस माशाला पचत नाही. तो विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि शेवाळ माजतं. उपाय आहे, तेलगिरणीतली भाजलेली पेंड, कोंडा आणि खनिज मिश्रण. गटानं मिळून केलं तर जमण्यासारखंही आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यामुळे मासेवाल्याच्या विजेचा आणि कर्जाचा भार हलका होईल. सोयाबीनच्या भावाला मात्र मासे तारतील, असं कुणी सांगितलं तर सावध राहा. देशातली पेंड खाणाऱ्यांत कोंबड्या कितीतरी पुढे आहेत, मासे बरेच मागे.