गांवमंडळांस द्यावयाचें लहान साहाय्य

आपल्या नंदुरबार जिल्ह्यांत बचत गट, वनहक्क समित्या, तरुण मंडळें, पाणी-समित्या अशा लहान लहान संघटना पाड्यापाड्यांवर उभ्या राहिल्या आहेत. त्यांस आपल्या शेतकरी संघाच्या शिलकेंतून पांच-दहा हजारांचें साहाय्य द्यावें काय, असा प्रश्न निघाला म्हणजे पुष्कळ शेतकरी बंधूंच्या कपाळास आठ्या पडतात. आज आपण पैसे द्यावे आणि उद्यां हीच मंडळी मिरचीच्या तोडणीला जादा मजुरी मागत बांधावर उभी राहावी, हें कशाला, असें त्यांचें म्हणणें. हें भय अगदींच हवेंतलें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचें मूळ कोठें आहे तें आधीं पाहूं.

शहादें तालुक्यांतील १९७१-७२ सालच्या हकीकती वडील मंडळींस ठाऊक आहेत. कर्जापायीं व कागदाच्या अज्ञानामुळें अनेक भिल्ल कुटुंबांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या, आणि सालदाराचें वेतन तुटपुंजें होतें. अंबरसिंग सुरतवंती ह्या भिल्ल कार्यकर्त्यानें ग्रामस्वराज्य समितीच्या द्वारें लोक एकत्र केले. बाहेरगांवचे शिकलेले तरुण येऊन मिळाले. १९७२ सालीं श्रमिक संघटना स्थापन झाली. कांहीं जमीनमालकांनीं पीकसंरक्षणाच्या नांवाखालीं पहारेकरी ठेवले आणि वैर वाढलें. अंबरसिंग १९७४ सालीं वारले. पुढें अनुसूचित जमातींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला, व १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या मुदतींत गेलेल्या जमिनींचीं प्रकरणें कचेऱ्यांतून चालूं लागलीं. तेव्हांपासून ‘संघटना’ हा शब्द ऐकतांच आपणांपैकीं कित्येकांस जमीन हलल्यासारखें वाटतें.

परंतु त्या चळवळीचें बळ कशांत होतें? पैशांत नव्हतें, पैसा तेथें फारसा नव्हताच. बळ होतें शिबिरांत. चार दिवस लोक एकत्र बसत, कायदा समजून घेत, आपलें गाऱ्हाणें आपल्या तोंडानें मांडावयास शिकत. अशाच सभा-शिबिरांतून उठलेल्या स्त्रियांनीं दारूच्या गुत्त्यांवर जाऊन मडकीं फोडलीं. मजूर शुद्धीवर राहून कामास आला तर लाभ त्याच्या बायकामुलांचा झाला, तसा शेतमालकाचाही झालाच कीं. पण हा जमेचा आंकडा आपण आपल्या खातेवहींत कधीं मांडला नाहीं.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. वनहक्काच्या २००६ सालच्या कायद्याप्रमाणें ग्रामसभेनें दहा ते पंधरा जणांची समिती निवडावी, दाव्यास निदान दोन पुरावे जोडावे, ठरावास गणपूर्ति असावी, असें आहे. नियम सोपा दिसतो. पण ज्या समितींत कागद लिहिणारा एकही नाहीं, तेथें हाच नियम भिंतीसारखा आडवा येतो. एका पाड्यावरचा दावा तीन वेळां परत गेलेला आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. ठरावावर तारीख नव्हती, एवढेंच कारण. प्रत्येक खेपेस दोन माणसांची मजुरी बुडाली आणि मोटारीचें भाडें गेलें तें निराळेंच. पहिल्याच पत्रांत कोणी ‘तारीख घाला’ असें स्पष्ट लिहिलें असतें तर पुढच्या खेपा वांचल्या असत्या. तें पत्र लिहिणारे आम्हीच होतों, हें सांगावयास संकोच वाटतो. असल्या समितीस लाखाचें अनुदान नको. दोन तरुणांस आठ दिवस कोणी ठराव लिहावयास व सात-बारा वाचावयास शिकवावें, आणि झेरॉक्स व प्रवास यांपुरती रक्कम हातीं द्यावी.

ह्या बाबतींत ‘उमेद’ अभियानानें बायकांच्या गटांस लाविलेला क्रम आम्हांस पटतो. आधीं नियमित बैठक, बचत, आपसांतील कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि लिहिलेले हिशेब ही पंचसूत्री तीन महिने पाळावयाची, मग फिरता निधि; आरंभीच्या नियमांत तो दहा ते पंधरा हजारांचा होता. वळण आधीं, पैसा मागून. ह्याच्या उलट १० हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या २०२० सालच्या केंद्रीय योजनेचे आंकडे पाहा. संघटनेस स्वतःच्या कारभारासाठीं तीन वर्षांत कमाल १८ लाख, आणि ती उभी करून देणाऱ्या मध्यस्थ संस्थेस पांच वर्षांत कमाल २५ लाख! वराच्या हुंड्यापेक्षां मध्यस्थाची दक्षिणा मोठी, अशांतला हा प्रकार. शिकविण्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. पण शिकविणारा बाहेरचा असला कीं मुदत संपतांच शहाणपण त्याच्याबरोबर गाडींत बसून जातें.

पेसाच्या गांवांस आदिवासी उपयोजनेचा पांच टक्के अबंध निधि २०१५ सालापासून थेट मिळूं लागला, ही चांगली गोष्ट झाली. तथापि जेथें कोष समितीस पासबुक वाचतां येत नाहीं, तेथें निधि अबंध असला तरी निर्णय ठेकेदाराच्या मुठींत जातो.

आतां मजुरीच्या दराचा आक्षेप. साहाय्य देतांना ‘मजुरीविषयीं बोलूं नये’ अशी अट घालावी असें कांहीं सज्जन सुचवितात. आमचा ह्यास स्पष्ट विरोध आहे. तोंड बांधून दिलेलें साहाय्य म्हणजे लांच होय. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं आला, पुढें सहकारी साखर कारखान्यांस सरकारनें भागभांडवल दिलें. तेव्हां ‘उसाचा भाव मागूं नका’ अशी अट आपणांस कोणी घातली होती काय? शिवाय आपला मजूर हंगामांत गुजराथेकडे निघून जातो म्हणून आपणच रडतों. गांवांत बसून बोलणें करावयास ज्यास जागा नाहीं, तो मुकाट्यानें गांव सोडतो. त्यापेक्षां बांधावर येऊन भांडणारा मजूर आम्हांस परवडतो. निदान तो तोडणीच्या दिवशीं बांधावर हजर तरी असतो!

अटी घालावयाच्याच तर त्या हिशेबाच्या घालाव्या. रक्कम दोन हप्त्यांत द्यावी, आणि दुसरा हप्ता पहिल्याचा जमाखर्च चावडीवर मोठ्यानें वाचून दाखविल्यावर द्यावा. सतरंज्या, फलक आणि छायाचित्रें यांवर एक पैही पडूं नये. रक्कम मोठी करण्याचा मोह संघानें टाळावा. मोठ्या रकमेच्या वासानें मंडळांत नसलेली माणसें मंडळांत येतात.

संघाच्या पुढील वार्षिक सभेंत ह्या कामीं एक लहान रक्कम निराळी काढण्याचा ठराव आम्ही मांडणार आहों. शिकविणाऱ्याच्या मेहनतान्याची तरतूद त्यांत धरलेली नाहीं. सेवानिवृत्त तलाठी, कारकून व गुरुजी आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत. त्यांनीं महिन्यांतून दोन बाजारचे दिवस ह्यास द्यावे. आमचे दोन दिवस आम्हीं ठरावाच्या मसुद्यांत आधींच लिहून ठेविले आहेत.