व्याजदर म्हणजे कर्जाची किंमत नव्हे



गेल्या रविवारी बहिणीचा मुलगा आणि भाचेसून घरी आले होते. पिंपरीला फ्लॅट पाहिलाय, चाळीस लाखांचं कर्ज काढायचंय. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि भाच्याने दोन बँकांचे कागद टेबलावर पसरले. "मावशी, ठरलंच आहे. एक ८.५ टक्के म्हणते, दुसरी ८.४. शिवाय दुसरीने प्रोसेसिंग फीसुद्धा माफ केलीय."

बी. कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली, पण आकडे दिसले की माझा हात अजून कॅल्क्युलेटरकडे जातो. चष्मा लावून वाचायला बसले. स्वस्तवाल्या बँकेच्या तिसऱ्या पानावर कर्जाची रक्कम होती ४१ लाख ६० हजार. चाळीस मागितले, मग वरचे कुठून आले? कर्जदाराच्या आयुष्याचा विमा, एकरकमी हप्ता १ लाख ६० हजार, तोही कर्जातच मिळवलेला! भाच्याला वाटत होतं, विमा "सोबत मिळतो".

मग आम्ही हिशोब मांडला. वीस वर्षांची मुदत. ८.५ टक्क्यांनी चाळीस लाखांचा मासिक हप्ता ३४,७१३ रुपये. ८.४ टक्क्यांनी ४१ लाख ६० हजारांचा ३५,८३९. म्हणजे कमी दराच्या कर्जाचा हप्ता महिन्याला अकराशे रुपयांनी जास्त, वीस वर्षांत सुमारे २ लाख ७० हजार. महाग बँकेची फी जीएसटी धरून ११,८००. ती वजा केली तरी अडीच लाखांच्या वरच फरक राहतो.

विमा वाईट असं मी म्हणत नाही. कमावत्या माणसाच्या डोक्यावर एवढं कर्ज असताना तो हवाच. पण १ लाख ६० हजारांचा विमा व्याजासकट ३ लाख ३० हजारांना का घ्यायचा? साधा टर्म विमा वेगळा घ्या, त्याचा हप्ता दरवर्षी भरा. कर्जासोबत बँकेचाच विमा घेतला पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही. काउंटरवर मात्र ते असं बोलतात की सक्तीच वाटावी.

रिझर्व्ह बँकेने यावर एक चांगला उपाय केलाय, तो आपल्या बायकांना माहीतच नसतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या गृहकर्जासाठी बँकेने की फॅक्ट्स स्टेटमेंट नावाचा कागद द्यायचा असतो, आणि तोही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात एपीआर म्हणून एक टक्केवारी असते. व्याज, फी, वकिलाचा खर्च, बँकेमार्फत घेतलेला विमा, सगळं धरून वर्षाला खरोखर किती पडतं ते तिच्यात येतं. त्या कागदात न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. दोन बँकांची तुलना करायची तर ती टक्केवारी शेजारी शेजारी ठेवा. जाहिरातीतला दर सोडून द्या.

एपीआरवरून मुदतीचा फरक मात्र कळत नाही. हेच चाळीस लाख ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांत फेडले तर व्याज ४३ लाखांच्या वर जातं, म्हणजे मुद्दलापेक्षाही जास्त. पंधरा वर्षांत फेडले तर ३१ लाखांच्या आत राहतं. त्यासाठी महिन्याला पावणेपाच हजार जास्त भरावे लागतात. दुकानदारीच्या घरात दर महिन्याची आवक सारखी नसते, हे मलाही कळतं. तिथे मुदत लांब ठेवावी आणि दिवाळीनंतर हातात पैसे आले की जादा भरावेत. स्वतःच्या नावावर बदलत्या दराचं गृहकर्ज असेल तर आधी फेडण्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही.

भाचेसून हे सगळं ऐकत होती. मी तिला विचारलं, "सहकर्जदार म्हणून तुझीही सही आहे ना? तू वाचलंस?" ती हसली. "मावशी, मी फक्त जिथे फुल्या होत्या तिथे सह्या केल्या."

याचाच मला राग येतो. तिच्यावर नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीवर. मंडईत मेथीच्या जुडीसाठी पाच रुपयांची घासाघीस करणाऱ्या आपण, चाळीस लाखांच्या कागदावर न वाचता सही करतो. काही बँका बाईचं नाव असलं की दरात थोडी सूट देतात, म्हणून घरचे आपलं नाव घालतात. पण सहकर्जदार म्हणजे नुसतं नाव नव्हे. उद्या नवऱ्याचा हप्ता थकला तर बँक पूर्ण कर्ज तिच्याकडेही मागू शकते.

सोमवारी ती स्वतः दोन्ही बँकांत गेली आणि तो कागद मागितला. एकीने लगेच दिला. दुसरीकडचा साहेब म्हणाला, "मॅडम, सरांना पाठवा ना." ती तिथेच खुर्चीवर बसून राहिली. अर्ध्या तासाने कागद मिळाला. विमा काढून टाकायला सांगून ती नव्या आकड्यांची वाट पाहतेय. तोवर सही थांबवली आहे.