नातीस कोणतें कार्ड घ्यावें?

रत्नागिरीहून एका वाचक गृहस्थांचें पत्र आलें आहे. नात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. तिला जीपीयू प्रोग्रॅमिंग शिकावयाचें आहे व त्यासाठीं ग्राफिक्स कार्ड हवें आहे. आजोबांस हें खेळ खेळण्याचें निमित्त वाटतें. काका म्हणतात, घ्यावयाचें तर अगदीं नवें घ्या. आमच्या मतें नातीची मागणी रास्त आहे. आजोबांची शंकाहि निराधार नाहीं, कारण हीं कार्डें मुळांत खेळांसाठींच निघालीं. काकांचा सल्ला मात्र तपासून घेतला पाहिजे.

उन्हाळ्यांत पापड लाटावयास आळींतील बायका एकत्र बसतात. सुगरण एकटी सारा स्वयंपाक जाणते, पण हजार पापडांस वीस हातच हवेत. संगणकाचा मुख्य प्रोसेसर ही ती सुगरण, व कार्ड म्हणजे हा मेळावा: एकच कृति असंख्य आंकड्यांवर एकदम करणारा. पुण्याच्या सी-डॅकनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभारला, तोहि अनेक लहान प्रोसेसर एका कामास जुंपूनच.

मेळाव्याचें काम हात थोडे म्हणून क्वचितच अडतें. परात लहान पडते किंवा लाट्या वेळेवर पोंचत नाहींत म्हणून अडतें. परात म्हणजे कार्डाची मेमरी. एन्व्हिडियाच्या २०२१ सालच्या आरटीएक्स ३०६० ची मेमरी १२ जीबी व लाट्या पोंचविण्याचा वेग सेकंदास ३६० जीबी. २०२३ सालच्या ४०६० ची मेमरी ८ व वेग २७२! २०२५ च्या ५०६० नें वेग ४४८ वर नेला, परंतु परात तीच ८ जीबीची. नवीं कार्डें वीज कमी खातात व खेळांत सरस ठरतात, हें खरें. पण विद्येच्या कामीं मोठी माहिती मेमरींत मावलीच नाहीं, तर तो वेग काय कामाचा? आम्ही १२ जीबीचें ३०६० च पसंत करूं. याच नांवानें ८ जीबीचेंहि कार्ड निघालें होतें, तेव्हां डब्यावरील आंकडा वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत.

एएमडीचें कार्ड पहिल्या खेपेस टाळावें. शिकण्याचे बहुतेक पाठ एन्व्हिडियाच्या २००७ पासूनच्या कूडा प्रणालीवर आहेत, व ती त्यांच्याच कार्डांसाठीं आहे. जुन्या बाजारांतील कार्डाविषयींहि सावध असावें. २०२२ पर्यंत अशीं कित्येक कार्डें आभासी नाण्यांच्या पाठीमागें रात्रंदिवस राबलीं आहेत.

परंतु खरेदीची घाई कशाला? गूगलच्या कोलॅबवर १६ जीबीचें टी४ कार्ड बहुधा विनामूल्य वापरावयास मिळतें. कांहीं तासांनीं काढून घेतात, एवढेंच. नातीनें दोन महिने तेथें काम करावें. दोन मोठ्या मॅट्रिक्सांचा गुणाकार स्वतः लिहून, तो सुगरणीपेक्षां किती पट लवकर झाला हें तिनें आजोबांस दाखविलें, कीं खेळाची शंका उरूं नये.

मग कार्ड घ्यावें, व त्याबरोबर निदान ५५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस. २०२० च्या जूनमध्यें निसर्ग वादळांत दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. एरवींहि कोंकणांतील पावसाळ्यांत ती येते-जाते. संगणक समुद्राकडील खिडकीपाशीं ठेवूं नये. खारी दमट हवा तांब्याचे सांधे खाते.