नंबर लागला तर गाडी, नाही लागला तर?

मंडळी, सोयाबीनचा पैसा हातात आला की आपल्या जिल्ह्यात दोन प्रकारचे लोक गावोगाव फिरायला लागतात. एक वसुलीवाले, दुसरे लकी ड्रॉवाले. जिंतूर असो की गंगाखेड, पत्रकातला मजकूर साधारण एकच: दरमहा हजार भरा, दर महिन्याला सोडत, नंबर लागला की मोटारसायकल तुमची आणि पुढचे हप्ते माफ! कुणी शंका काढली तर उत्तर तयार असतं, "आम्ही रोख कुठं देतो? वस्तू देतो. मग ही लॉटरी कशी?"

हे उत्तर साफ चुकीचं आहे. १९७८ सालचा केंद्राचा प्राइज चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट आहे. लोकांकडून हप्त्यानं पैसे गोळा करायचे आणि चिठ्ठ्या काढून काहींना बक्षीस द्यायचं, यावर या कायद्यानं बंदी आहे. बक्षीस रोख असो की वस्तू, कायद्याला दोन्ही सारखंच. पुढचे हप्ते माफ केले तरी सुटका नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता पुढचं नीट वाचा. योजना चालवणं जसं मना, तसं तिचा सभासद होणंही मना. अशी कुपनं छापणारा प्रेसवाला आणि जाहिरात छापणारा पेपरवालाही सुटत नाही, त्यांना दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या अंकात जाहिरात आली, तो अंकच सरकार जप्त करू शकतं. म्हणजे पत्रकार बंधूंनो, दिवाळी अंकाची जाहिरात घेताना आपणही डोळे उघडे ठेवायला पाहिजेत.

साधा हिशेब करा. हजार सभासद, हजाराचा हप्ता, महिन्याला दहा लाख जमा. त्यातून लाखाची एक गाडी वाटली, तरी नऊ लाख चालकाच्या हातात. या पैशाला ना बँकेची हमी, ना सरकारची. ज्याला गाडी लागली त्याचा फोटो चौकात बॅनरवर लागतो. बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांचा फोटो कुणी लावत नाही. त्यांच्यासाठी उरतं ते आपलं जुनंच, बनी तो बनी, नहीं तो परभणी!

मग दुकानदारानं दिवाळीला कूपन देऊच नये का? तसं नाही. हॉर्लिक्सच्या काही बाटल्यांत बक्षिसाची चिठ्ठी निघायची. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९९८ मध्ये कोर्टानं सांगितलं, ही लॉटरी नाही. बक्षिसासाठी बाटलीची किंमत वाढवल्याचा पुरावा नव्हता. पण कुपनाचे वेगळे पैसे घेतले की मामला लॉटरीकडं जातो, आणि लॉटरी चालवायचा अधिकार फक्त राज्य सरकारला आहे.

कूपन फुकट असलं तरी दुकानदार मोकळा नाही. बक्षीस द्यायचा इरादा नसताना ते जाहीर करणं आणि योजना संपल्यावर निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं, या दोन्हीला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. म्हणून विचारा, "मागच्या दिवाळीचा फ्रिज कुणाला लागला?" हा प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे.

राहिला टॅक्स. सोडतीतलं बक्षीस दहा हजारांच्या वर असेल तर तीस टक्के आयकर. लाखाच्या गाडीवर तीस हजार! वस्तू असेल तर हा कर भरल्याची खात्री करूनच ती देता येते. पण "टॅक्सचे पैसे या नंबरवर टाका" असा फोन आला तर एक रुपयाही टाकू नका. कर सरकारकडं भरला जातो, त्याचा कागद मिळतो.

माझं म्हणणं एवढंच. पोलिसांनी फिर्यादीची वाट बघत बसू नये. बॅनर चौकात लागलेला असतो, त्यावर मोबाईल नंबरही असतो. चालक पळून गेल्यावर पंचनामा करण्यापेक्षा, पहिल्या सोडतीच्या आधी एक चक्कर मारली तर किती घरं वाचतील! फसवणूक झाली असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. दुकानाची तक्रार असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगा.

तुमच्या गावात अशी योजना चालू आहे का? कमेंटमध्ये तालुका लिहा. आणि हप्ता भरायला निघालेल्या भावाला, मेव्हण्याला ही पोस्ट आधी वाचून दाखवा.