विश्लेषण : मॅराडोनाच्या मृत्यूवर फुटबॉलप्रेमी आजही दुभंगलेले का?

दिएगो मॅराडोनाचं २५ नोव्हेंबर २०२० रोजी ब्युनोस आयर्सजवळच्या तिग्रे इथं निधन झालं. वय अवघं ६०. अर्जेंटिनात तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. राष्ट्राध्यक्षांच्या कासा रोसादा या प्रासादात पार्थिव ठेवलं गेलं आणि अंत्यदर्शनाच्या गर्दीची पोलिसांशी झटापटही झाली. केरळ सरकारच्या क्रीडा खात्यानेही दोन दिवस शोक पाळला. पण २५ नोव्हेंबर हा महिलांवरील हिंसाचार निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवसही आहे. या योगायोगामुळे पहिल्याच आठवड्यात वादाला तोंड फुटलं.

पाठ फिरवून बसलेली खेळाडू

तीनच दिवसांनी स्पेनमध्ये महिलांच्या एका मैत्रीपूर्ण सामन्याआधी मॅराडोनासाठी एक मिनिट स्तब्धता पाळली जात होती. सगळ्या जणी रांगेत उभ्या होत्या. पॉला दापेना ही २४ वर्षांची खेळाडू मात्र पाठ फिरवून जमिनीवर मांडी घालून बसली. तिचा मुद्दा साधा होता : हिंसाचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी त्याच आठवड्यात कुणी मिनिटभर थांबलं नाही, मग यांच्यासाठी मी का उभी राहू? यानंतर तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

तिचा राग हवेतून आलेला नव्हता. २०१४ मध्ये मॅराडोना आणि त्याची तेव्हाची जोडीदार यांच्यातील भांडणाचा व्हिडीओ बाहेर आला होता. हात उगारल्याचं त्याने नाकारलं, पण तो व्हिडीओ अनेकांच्या डोक्यातून गेला नाही. पुढे २०२१ मध्ये क्युबातील एका महिलेने, आपण १६ वर्षांच्या असताना त्याने आपल्यावर अत्याचार केल्याचा आरोप केला. उत्तर द्यायला तेव्हा तो हयात नव्हता.

चार मिनिटांचं अंतर

इंग्लंडची नाराजी वेगळ्या जातीची. २२ जून १९८६, मेक्सिकोतील अझ्टेका स्टेडियम, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. ५१व्या मिनिटाला मॅराडोनाने हाताने चेंडू जाळ्यात ढकलला आणि ट्युनिशियाच्या पंचांनी गोल दिला. चारच मिनिटांनी त्याने आपल्या अर्ध्यातून धाव घेत इंग्लंडचा बचाव चिरत असा गोल केला, की तो आजही विश्वचषकातला सर्वोत्तम मानला जातो. फॉकलंड युद्धाला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती, त्यामुळे अर्जेंटिनात पहिल्या गोलचाही उत्सव झाला. (स्कॉटलंडमध्येही अनेकांना तो गोल मनापासून आवडतो, पण त्याचं कारण निराळं!) गोलरक्षक पीटर शिल्टनने मात्र मॅराडोनाच्या मृत्यूनंतरही लिहिलं, की महानता होती, खिलाडूवृत्ती नव्हती आणि माफी तर त्याने कधीच मागितली नाही.

हा राग मला समजतो, पण तो खेळापुरता आहे. व्हीएआर असतं तर प्रश्नच उरला नसता. दापेनाने काढलेला प्रश्न कुठल्याही कॅमेऱ्याने सुटणारा नाही.

‘मैदानाबाहेरचं सोडा’ हे सोयीचं का आहे?

मॅराडोनाचे चाहते अशा वेळी एकच वाक्य पुढे करतात : खेळाडू वेगळा, माणूस वेगळा. ऐकायला ठीक आहे, पण ते स्वतःच हा नियम पाळत नाहीत. मॅराडोना लोकांना आवडतो तो फक्त डाव्या पायासाठी नाही. व्हिया फियोरितोच्या झोपडवस्तीतून आलेला पोरगा, दंडावर चे गव्हेरा गोंदवणारा, फिफाच्या बड्या धेंडांना तोंडावर सुनावणारा, हेही त्या प्रेमात येतं. हे सगळं मैदानाबाहेरचंच आहे. चांगलं असेल तेव्हा बाहेरचं जमेत धरायचं आणि वाईट निघालं की ‘आपण फुटबॉलवर बोलू’ म्हणायचं, हा हिशेब जुळत नाही. व्यसनाचंही तसंच. कोकेनमुळे १९९१ मध्ये १५ महिन्यांची बंदी, १९९४ च्या विश्वचषकात एफेड्रिन सापडल्याने हकालपट्टी. याकडे आजार म्हणून पाहायला लोक तयार असतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच वर्षी त्याने घराबाहेर जमलेल्या पत्रकारांवर एअर रायफल चालवली, ते आजाराच्या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच घाई करते. त्याच्यासाठी रडणाऱ्या प्रत्येकाला हिंसाचाराचा समर्थक ठरवणं हा अन्याय आहे. तेव्हा अर्जेंटिनात गर्भपाताच्या हक्काची लढाई शेवटच्या टप्प्यात होती, डिसेंबरअखेर कायदा झालाही. त्या चळवळीतल्या कित्येक जणी मॅराडोनासाठीही हळहळल्या आणि ‘तुम्हीसुद्धा?’ हा प्रश्न त्यांना विचारला गेला. इंजिनीअरिंगला असताना सरासरी किती फसवते हे शिकवतात. अधिक दहा आणि उणे दहा यांची सरासरी शून्य येते, पण मॅराडोना शून्य नव्हता. दोन्ही आकडे तसेच ठेवावे लागतात. कोल्हापूरच्या पेठांमध्ये विश्वचषक आला की निळे-पांढरे झेंडे लागतात. १९८६ चे सामने दूरदर्शनवर जागून पाहिलेल्या तिथल्या काकांना त्या रात्री विसरा म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्या मुलीने दापेनाची बाजू घेतली तर तिला गप्प बसवण्यातही नाही.

नेपल्सचा देव, नेपल्सचा मुलगा

मॅराडोना १९८४ मध्ये बार्सिलोनाहून नापोलीत आला. त्याआधी या क्लबने इटलीची लीग कधीच जिंकली नव्हती. १९८७ आणि १९९० मध्ये जिंकली, मध्ये १९८९ ला यूएफा कपही आला. श्रीमंत उत्तरेकडून टोमणे खाणाऱ्या दक्षिणेतल्या शहरासाठी याचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको. त्याच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच सान पाओलो स्टेडियमला त्याचं नाव देण्यात आलं.

याच शहरात सप्टेंबर १९८६ मध्ये, विश्वचषक जिंकून तीन महिनेही झाले नसताना, त्याचा मुलगा जन्मला. मॅराडोनाने डीएनए चाचणीला नकार दिला. १९९३ मध्ये इटलीच्या न्यायालयाने पितृत्व मान्य केलं, तरी बापाने त्याला जाहीरपणे जवळ घेतलं ते २०१६ मध्ये. तोवर दिएगो ज्युनियर तिशीला आला होता. वडिलांची भित्तिचित्रं असलेल्या शहरात, वडिलांचंच नाव लावून, तो त्यांच्याशिवाय मोठा झाला.