श्रद्धाळू घरातील प्रतिकूल पुस्तक

ख्रिस्ती घरात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होतो, तेव्हा आईबाप त्याला श्रद्धेत वाढविण्याचे वचन देतात. पंधरा-सोळा वर्षांनी तेच मूल डार्विनचा ग्रंथ, किंवा ‘मी ख्रिस्ती का नाही’ हे बर्ट्रांड रसेलचे १९२७ सालचे व्याख्यान घरी घेऊन येते. त्या क्षणी वचनाचा अर्थ काय करावयाचा, हा प्रश्न आईबापांपुढे उभा राहतो. पुस्तक काढून घ्यावे, पाहिले न पाहिलेसे करावे, की स्वतः ते वाचावे? या भीतीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे नव्हे. ज्या श्रद्धेने दुःखाच्या वेळी घर सावरले, ती मुलाच्या मनातून जाईल, ही धास्ती खरी असते. प्रश्न एवढाच की, पुस्तक दूर ठेवल्याने श्रद्धा राखली जाते काय?

इतिहासाची साक्ष याच्या उलट आहे. रोमन कॅथलिक चर्चने १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली. कोपर्निकसच्या ग्रंथावर १६१६ साली बंधन आले, तर गॅलिलिओचा ‘संवाद’ १६३३ साली निषिद्ध ठरला. हे ग्रंथ सूचीतून वगळले गेले ते १८३५ च्या आवृत्तीत. पृथ्वी मात्र या दोनशे वर्षांत फिरतच राहिली. अखेर १९६६ साली चर्चने या सूचीचे बंधनच उठविले. या बंदीने श्रद्धेचे रक्षण झाले नाही. श्रद्धा सत्याला भिते, असा समज तेवढा पसरला.

परंतु नुसते वाचणेही पुरेसे नाही. फिलिप हेन्री गॉस हा इंग्लंडमधील नामांकित निसर्गशास्त्रज्ञ आणि तितकाच कट्टर ख्रिस्ती. त्याचा डार्विनशी पत्रव्यवहार होता आणि भूगर्भशास्त्राचे पुरावेही त्याला ठाऊक होते. तथापि उत्पत्तीच्या कथेचा शब्दशः अर्थ सोडावयाचा नाही, हा त्याचा निर्णय आधीच झालेला होता. म्हणून १८५७ साली त्याने ‘ओम्फालोस’ हे पुस्तक लिहून असे प्रतिपादिले की, पृथ्वी निर्माण होतानाच जुनेपणाच्या खुणांसह निर्माण झाली. शास्त्रज्ञांना ते पटले नाही आणि श्रद्धाळूंनाही रुचले नाही. या घरात गोष्टींच्या पुस्तकांना मज्जाव होता. मुलगा एडमंड मोठा होऊन लंडनला नोकरीस गेला, तरी पित्याच्या पत्रांतून त्याच्या श्रद्धेची झडती चालूच राहिली. शेवटी मुलगा त्या श्रद्धेपासून दुरावला. ‘फादर अँड सन’ या १९०७ सालच्या पुस्तकात त्याने हा दुरावा सांगितला आहे. त्यात द्वेष नाही. म्हणूनच तो अधिक जिव्हारी लागतो. पित्याचे प्रेम अपुरे नव्हते. प्रश्नाला मोकळे उत्तर देण्याची मुभा त्याने मुलाला दिली नाही आणि स्वतःलाही घेतली नाही.

याच्या जवळपास त्याच काळात महाराष्ट्राच्या परिचयाची एक ख्रिस्ती आई निराळ्या वाटेने गेली. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले होते. त्या आईकडून रमाबाईंना पुराणे मुखोद्गत झाली. पुढे धर्मशास्त्रे वाचताना त्यांतील स्त्रीचे स्थान त्यांना अस्वस्थ करू लागले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे त्यांनी चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. एक धर्म सोडून दुसरा स्वीकारला म्हणजे शंका संपली, असे मात्र त्यांनी मानले नाही. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटेना, तेव्हा त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. आश्रय देणाऱ्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे, हाही त्या वादाचा विषय होता, आणि तेथे आईचा अधिकार रमाबाईंनी सोडला नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रसंग्रहात हा सारा झगडा वाचावयास मिळतो.

या शंकेखोर स्त्रीची श्रद्धा नाहीशी झाली काय? नाही. त्या अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रिया व मुली त्यांनी सांभाळल्या. बायबलचे मराठी भाषांतर मूळावरून करता यावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. मनोरमा आईच्या कार्यात सहकारी झाली. ज्या श्रद्धेची त्यांनी स्वतः पारख केली, तीच श्रद्धा त्यांना आयुष्यभर पुरली.

यावर कोणी म्हणेल की, रमाबाई विदुषी होत्या. सामान्य आईबापांचे काय? आक्षेप रास्त आहे. आठ वर्षांच्या मुलापुढे रसेल ठेवावा, असे कोणीही सुचविणार नाही. परंतु मूल जेव्हा स्वतःहून पुस्तक आणते, तेव्हा ते आईबापांनी वाचावे, त्यातील जे खरे वाटेल ते मान्य करावे, न पटेल ते का पटत नाही हे सांगावे, आणि उत्तर नसेल तेथे ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणावे. यासाठी पांडित्य लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो. ज्या बायबलमध्ये ईयोब देवाशी वाद घालतो आणि थोमा पुराव्याशिवाय विश्वास ठेवण्यास नकार देऊनही प्रेषितच राहतो, ते बायबल घरात ठेवणाऱ्याला शंकेचे वावडे असण्याचे कारण नाही.

हा धडा केवळ ख्रिस्ती घरांपुरता नाही. ज्या ज्या घरात एखादा ग्रंथ अंतिम मानला जातो, मग तो ग्रंथ धर्माचा असो वा विचारसरणीचा, त्या प्रत्येक घराला तो लागू आहे. वाचून मूल कदाचित श्रद्धा सोडील. ही जोखीम कोणालाही टाळता येणार नाही. पण ज्या घरात प्रश्न विचारता येतो, त्या घरी ते परत येते. ज्या घरात पुस्तक लपवून वाचावे लागते, तेथे ते आधी आपले मन लपविण्यास शिकते आणि मग घर सोडते.